सर्व्हायव्हल रायफलचं किट बांधतोय: पॅकिंगच्या नोंदी

२ ऑगस्ट

नोंदी सुरू करतोय कारण जंगलात अडकल्यावर उपयोगी पडेल अशा, तुकडे करून बांधता येणाऱ्या छोट्या रायफलीचं किट बांधणाऱ्या बहुतेकांचा सगळा वेळ कुठली रायफल घ्यायची या वादातच जातो आणि ती पॅक कशी करायची यावर कुणी फारसं बोलत नाही. खरं काम तिथंच आहे. ही वस्तू महिनोन्‌महिने बंद पिशवीत पडून राहणार, आणि जेव्हा उघडली जाईल तेव्हा उघडणाऱ्याचे हात ओले आणि बधिर असतील, कदाचित अंधार असेल, कदाचित एक हात दुखावलेला असेल. म्हणून किटमधल्या प्रत्येक वस्तूला मी दोनच प्रश्न विचारणार आहे: वर्षभर कुणी हात नाही लावला तरी टिकेल का, आणि बोटं वळत नसताना वापरता येईल का.

सुरुवातीलाच एक गोष्ट मांडून ठेवतो. जंगलात अडकल्यावर रायफल पहिल्या नंबरवर नाही. सिग्नल, अंगावर आडोसा, आग, पाणी हे सगळं तिच्या आधी. अन्नाशिवाय माणूस आठवडे काढतो, थंडीत भिजला तर काही तासांत जातो. ४०६ मेगाहर्ट्झवाला बीकन (उपग्रहामार्फत सुटकेचा संदेश पाठवणारं यंत्र), शिट्टी, आरसा, लायटर हे ज्याच्याकडे नाही त्यानं रायफलचा विचार आत्ता बाजूला ठेवावा. हे सगळं असेल आणि सुटका लांबायची शक्यता असेल, म्हणजे लांबचा नदीप्रवास, छोटं विमान, रस्ता नसलेला मुलूख, तरच हे वजन उचलण्यात अर्थ आहे.

मर्यादा ठरवली: रायफल, काडतुसं, पिशवी, सगळं धरून अडीच किलोच्या आत.

५ ऑगस्ट

रायफल कुठली यावर थोडक्यात लिहितो, कारण यावर लिहायला बसलं तर संपणारच नाही.

ही कल्पना मुळात वैमानिकांसाठीची. अमेरिकन हवाई दलाची एम-४ ही .२२ हॉर्नेट काडतुसाची बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हातानं बोल्ट मागंपुढं करायची) होती, मग एम-६ आली, वर .२२ हॉर्नेटची नळी आणि खाली .४१० शॉटगनची. नंतर आर्मालाइट कंपनीनं एआर-५ बनवली, जी १९५६ मध्ये एमए-१ या नावानं स्वीकारली गेली, पण दलाकडे आधीच्या रायफली पडून होत्या त्यामुळं तिची मोठी ऑर्डर काही निघाली नाही. त्याच कल्पनेतून १९५९ च्या सुमारास यूजीन स्टोनरची एआर-७ नागरिकांसाठी बाजारात आली, .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची सेमी ऑटो, म्हणजे दर चापाला एक गोळी आणि पुढचं काडतूस आपोआप आत; नळी, रिसीव्हर (बोल्ट आणि चाप असलेला मधला भाग) आणि मॅगझीन (काडतुसांची सुटी पेटी) सगळं पोकळ दस्त्याच्या आत जातं. बांधलेली लांबी साधारण ४२ सेंटीमीटर, जोडल्यावर ८९, वजन १.६ किलो. हा आराखडा पुढं वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवला आणि आजही बनतोय. दुसरा मार्ग म्हणजे दोन तुकडे होणारी नेहमीची रायफल, रूगरची १०/२२ टेकडाउन २०१२ मध्ये आली ती तशी. हातात ती जास्त भरीव वाटते, नेमालाही बरी, पण वजन दोन किलोच्या वर जातं आणि पिशवी वेगळी लागते.

मी दस्त्यात मावणारी .२२ घेतली. कारण एकच, काडतुसांचं वजन. एक .२२ एलआर काडतूस साधारण ३.४ ग्रॅम. शंभर घेतली तरी ३४० ग्रॅम. .४१० चं एक काडतूस त्याच्या सहापट भरतं, आणि बारा बोअरची गोष्टच सोडा. छर्‍याची नळी उडत्या पक्ष्यासाठी चांगली हे मान्य आहे, पण उपाशी माणसानं उडत्या पक्ष्यावर काडतूस घालवू नये, बसलेल्यावर घालवावं.

आणि हे स्पष्ट लिहितो: .२२ हे अस्वलासाठी नाही. ससा, खार, तितर-बदक एवढ्यासाठीच. अस्वलांच्या मुलुखात त्यासाठी वेगळा स्प्रे आणि वेगळी काळजी लागते, या किटवर त्याचा भार टाकायचा नाही.

९ ऑगस्ट

कागद. परवाना, वाहतुकीचे नियम, कुठून कुठं जाताना काय बंद असावं लागतं, काडतुसं वेगळ्या डब्यात लागतात का, विमानात चालतं का, हे देशागणिक आणि कधीकधी जिल्ह्यागणिक बदलतं. ज्या ज्या हद्दीतून जाणार त्या प्रत्येकाचे नियम आधी वाचा, पॅकिंगची रचना त्यावरच ठरते. कागदांच्या प्रती लॅमिनेट करून पिशवीत. रायफल सुटी असली म्हणून ती कायद्याच्या लेखी बंदूक नाही असं कुठंच नसतं.

१४ ऑगस्ट

रेंजवर पूर्ण दिवस गेला. पॅक करायच्या आधी ती चालते का, कशावर चालते आणि कशावर अडते ते कळायलाच हवं, कारण एकदा पिशवीत गेली की जे आत आहे तेच तुमचं.

ही ब्लोबॅक रायफल, म्हणजे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) काडतुसाच्याच धक्क्यानं मागं जातो. एवढ्या हलक्या .२२ ला काडतुसाचा जोर कमी पडला की तो पूर्ण मागं जातच नाही. सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) काडतुसांवर रिकामं केस अर्धं बाहेर येऊन अडकत होतं. चपट्या नाकाच्या गोळ्या नळीच्या तोंडाशी अडत होत्या. ४० ग्रेन (साधारण २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची, गोल नाकाची, तांब्याचा मुलामा असलेली हाय व्हेलॉसिटी काडतुसं मात्र सुरळीत चालली. तेव्हा किटमध्ये फक्त तीच जाणार, एकाच लॉटची. घरात पडलेली उरलीसुरली मिसळून भरण्याचा मोह टाळायचा.

दुसरी गोष्ट नळीच्या नटाची. हातानं आवळायचा नट असतो, दोन-तीन मॅगझीन सलग झाडल्या की तो सैल होतो आणि सैल झाला की नेमही हलतो आणि काडतूस आत जातानाही अडतं. लोक मॅगझीनला शिव्या देत बसतात, आधी नट बघा. प्रत्येक मॅगझीननंतर नटावर हात फिरवायचा, तो सूचनांच्या कार्डावर लिहायचा मुद्दा म्हणून टिपून ठेवला.

तिसरं, मॅगझीनचे ओठ. पातळ पत्र्याचे असतात, पिशवीत कशाखाली दबले की वाकतात आणि मग काडतूस खाली मान घालून जातं. मॅगझीनवर पांढऱ्या रंगानं नंबर घातले म्हणजे कुठली अडते ते कळेल. एक कायम अडतेय असं दिसलं, ती सरावाला ठेवली, किटला नवी घेतली.

नेम ५० मीटरला लावला. त्याच्या आत गोळी नेमाच्या रेषेपासून फार हलत नाही, तितराच्या डोक्याइतका फरक पडत नाही. १०० मीटरला ती पंधरा-वीस सेंटीमीटर खाली उतरते आणि या छोट्या साइटवर (नेम धरायच्या खुणेवर) तिथं तसंही मारू नये. माझ्या मते या रायफलचं खरं अंतर पंचवीस मीटर. टेकवून, श्वास धरून, एकच गोळी. नळी काढून परत लावली की ग्रुप, म्हणजे गोळ्या लागायची जागा, जरा सरकतो पण पंचवीस मीटरला तो सरकणं ससा सुटण्याइतकं नाही, अट एवढीच की नट दर वेळी सारखाच आवळलेला हवा.

आणि हीच गोळी वरच्या दिशेनं सुटली तर दीड मैलापर्यंत जाऊ शकते, म्हणजे जवळजवळ २.४ किलोमीटर. झाडावरच्या खारीवर नेम धरताना मागं आकाश नाही, खोड हवं.

२० ऑगस्ट

फोम फेल.

पिशवीत आत मऊ स्पंज फोम कापून बसवला होता, रायफलच्या आकाराचे खाचे, दिसायला फार सुंदर. दमट खोलीत ठेवून काही दिवसांनी उघडलं तर बोल्टवर आणि नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके. हा ओपन सेल फोम हवेतला दमटपणा पितो आणि पोलादाला चिकटून धरून बसतो. चामड्याचं कव्हरही याच कारणासाठी बाद, शिवाय चामडं कमावतानाचे क्षार पोलादाला लागतात. चामड्याच्या पिशवीत बंदूक नेता येते, त्यात ठेवून देता येत नाही.

गंज बारीक स्टील वूल आणि तेलानं निघाला, खड्डे पडले नव्हते. फोम सगळा काढून टाकला. एक संध्याकाळ आणि मापं घेण्याचा सगळा खटाटोप पाण्यात.

त्याऐवजी: स्वच्छ पुसलेल्या भागांवर तेलाचा अगदी पातळ हात, व्हीसीआय कागदात गुंडाळणं (हा कागद गंज रोखणारी वाफ सोडतो, बंद जागेतच काम करतो), आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी. पुडी आत टाकायच्या आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्यायची, नाहीतर दुकानातून आलेली पुडी आधीच पोट भरून आलेली असते. जिथं काहीतरी मऊ लागतंच तिथं क्लोज्ड सेल फोमची चटईची पट्टी, ती पाणी पीत नाही.

२८ ऑगस्ट

काडतुसं. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

.२२ एलआर ही रिमफायर आहे, ठिणगीचा मसाला केसच्या कडेत असतो, आणि शिशाची गोळी केसच्या तोंडात नुसती दाबून बसवलेली असते. सैन्याच्या काडतुसांसारखं तिथं लाखबंद सील नसतं. म्हणजे पाणी हळूहळू आत जाऊ शकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे भेदक तेल आत जातं. बाहेरून काडतूस चकचकीत दिसतं, चाप ओढला की टक्. त्यामुळं काडतुसं आणि तेल एका कप्प्यात नाही, काडतुसं पुसताना तेलाचं फडकंही नाही.

आधी झिप पिशव्या वापरून बघितल्या. केसच्या कडा आणि गोळ्यांची टोकं पिशवीला आतून घासत राहतात, सायकलच्या मागं बांधून खडबडीत रस्त्यानं फिरवल्यावर पिशवीला टाचणीएवढी भोकं पडलेली निघाली. दुहेरी पिशवीलाही पडली. कारखान्याच्या कागदी खोक्यात ठेवली तर ओलं झाल्यावर खोक्याचा लगदा होतो आणि तो लगदा मॅगझीनमध्ये जातो.

शेवटी रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली घेतली. शंभर काडतुसं, आणि वर-खाली जी जागा उरते तिथं कोरड्या सुती कापडाचे तुकडे ठासून. ठासलेल्या कापडामुळं खुळखुळ होत नाही, तेच तुकडे नळी पुसायला, तेच आग पेटवायला. झाकणाच्या सांध्यावर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा, टेपचं टोक दुमडून ठेवलेलं, म्हणजे हातमोज्यातल्या बोटांना ते धरता येतं. बाटली रात्रभर बादलीत दगडाखाली बुडवून ठेवली, आतलं कापड कोरडं निघालं.

मग प्रश्न आला मॅगझीन भरून ठेवायची का. स्प्रिंग दबून खराब होते ही भीती लोकांना असते, पण चांगली स्प्रिंग एका जागी दबून राहिल्यानं फारशी झिजत नाही, वारंवार दबून-सुटून झिजते. खरा प्रश्न दुसरा आहे. .२२ चं काडतूस इतकं बारीक की बधिर बोटांनी ते मॅगझीनमध्ये सरकवणं हे अख्ख्या किटमधलं सगळ्यात अवघड काम ठरतं, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून प्रयत्न केला तर निम्मी खाली पडली. म्हणून जिथं नियम परवानगी देतात तिथं एक मॅगझीन भरलेली, वेगळ्या सीलबंद पाकिटात, रायफलपासून वेगळ्या कप्प्यात. जिथं देत नाहीत तिथं सगळ्या रिकाम्या, आणि आठ-आठ काडतुसं कापडाच्या छोट्या घडीत गुंडाळलेली, म्हणजे निदान सांडणार नाहीत. रायफल मात्र कुठल्याही परिस्थितीत रिकामी बांधायची, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी बोट लावून खात्री करून. बांधताना एकदा, पिशवी बंद करण्याआधी परत एकदा.

७ सप्टेंबर

टबात तरंगवून बघितली. या जातीच्या रायफलीचं मोठं आकर्षण हेच की दस्त्यात बंद केली की ती पाण्यावर तरंगते. तरंगते, खरं आहे, पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, दस्त्यात उरलेली जागा बघून सगळ्यांना त्यात काहीतरी कोंबायची इच्छा होते. चाकू, मल्टिटूल, जास्तीची काडतुसं. प्रत्येक वस्तू तरंगण्याची ताकद खाते. चाकू आणि मल्टिटूल घातल्यावर दस्ता एवढा खाली गेला की जेमतेम एक कोपरा पाण्याबाहेर, आणि नदीच्या खळखळत्या पाण्यात तो कोपरा कुणाला दिसणार. धातूचं सगळं बाहेर काढलं.

दोन, मागचं झाकण पाण्याला अडवतं पण फार काळ नाही. तासाभरानं आत चमचाभर पाणी. हवाबंद डब्याची अपेक्षा त्याच्याकडून करूच नये. सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी कापून झाकणाच्या सांध्यावर चढवली, गळती पुष्कळ कमी झाली, थांबली नाही. तेव्हा दस्ता आतून कोरडा ठेवण्याचं काम ड्राय बॅगचंच (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी न शिरणारी पिशवी). दस्ता बॅगेत, बॅगेचं तोंड तीन वेढे गुंडाळून, आत थोडी हवा ठेवून. बॅगेमुळं तरंगणंही वाढलं.

रंग: दस्ता काळा, बॅग काळी, पाणी काळं. भडक नारिंगी टेपचे पट्टे दोन्हींवर मारले आणि नारिंगी दोरीचं हातभर शेपूट बांधलं.

१५ सप्टेंबर

दस्त्याच्या आतल्या जागेत आता फक्त हलकं आणि मऊ: नळीतून ओढायची दोरी, कापडाच्या चिंध्या, सिलिका पुडी. नळी सुटी होत असल्यानं ती चेंबरच्या बाजूनं साफ करता येते, तोंडाकडून गज घालून कडा झिजवायची गरज नाही, त्यामुळं गज बाद, दोरी पुरते.

तेलाची छोटी कुपी दोनदा बदलली, दोन्ही झिरपल्या. तेल शेवटी प्लॅस्टिकच्या स्ट्रॉमध्ये भरलं, दोन्ही टोकं लायटरनं वितळवून दाबून बंद. एका स्ट्रॉमध्ये एका वेळेपुरतं, टोक कापा आणि वापरा. काडतुसांपासून लांब, पिशवीच्या बाहेरच्या खिशात.

२६ सप्टेंबर

बधिर हातांची चाचणी. बादलीत बर्फ, हात आत, दुखायचे थांबेपर्यंत, मग बाहेर काढून रायफल जोडायची. अर्थात काडतुसं खोलीतसुद्धा नव्हती. उबदार हातांनी हेच काम मिनिटभरात होतं, थंड हातांनी पाच मिनिटांच्या वर गेलं. कुठं गेला वेळ ते लिहितो, कारण तिथंच दुरुस्त्या झाल्या.

चेन उघडेना. चेनच्या छोट्या पत्र्याला दोरीचे मोठे फास बांधले, आता त्यात आख्खं बोट किंवा दात घालून ओढता येतं.

नळीची खुंटी रिसीव्हरच्या खाचेसमोर येईना. अंधुक उजेडात ती दिसतच नाही. खाचेच्या रेषेत नळीवर आणि रिसीव्हरवर पांढऱ्या रंगाचे ठसठशीत टिपके दिले, टिपक्यासमोर टिपका आणला की नळी आपोआप बसते. मला वाटतं या अख्ख्या कामात सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात मोलाची दुरुस्ती हीच.

नट हातातून घसरतो. त्यावर ट्यूबच्याच रबराची अरुंद कडी चढवली, ओल्या हातमोज्यानंही आवळता येतो. कडी जाड झाली तर नळी दस्त्यात परत बसत नाही, पातळ ट्यूब घ्या.

बोल्टची मूठ. बांधताना ती आत दाबून ठेवावी लागते, जोडल्यावर बाहेर ओढायची. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात रायफल दिली तर बोल्ट मागं कसा घ्यायचा तेच त्याला कळत नाही. आणि किट उघडणारा मी नसून माझ्यासोबतचा कुणी असू शकतो. म्हणून कार्ड: चार चित्रं, मोठी अक्षरं, दोन्ही बाजू लॅमिनेट. नळी, नट, दस्त्याचा स्क्रू, मूठ बाहेर, सेफ्टी. खाली एक ओळ, नळीचं तोंड कधीही माणसाकडे नाही.

पडलेले भाग. बर्फात किंवा गवतात पडलेली मॅगझीन सापडत नाही. हलक्या नायलॉनचा नारिंगी कपडा किटमध्ये घातला, मीटरभर चौकोनी, त्यावर पसरूनच जोडणी करायची. तोच कपडा उघड्यावर दगड ठेवून पसरला की वरून दिसणारा सिग्नल.

५ ऑक्टोबर

बाहेर रात्रभर ठेवली, पारा शून्याखाली वीसच्या आसपास. सकाळी बोल्ट सरकताना जड, आणि स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून बघितलं तर पिनचा, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या टोकाचा, ठसा पुसट. कारण ग्रीस. कारखान्यातून आलेलं ग्रीस आणि माझं नेहमीचं तेल दोन्ही थंडीत घट्ट होतात आणि हलक्या बोल्टकडे ते कापत जायला पुरेसा जोर नसतो. सगळं खोललं, सॉल्व्हंटनं पूर्ण धुतलं, थंडीत पातळ राहणाऱ्या सिंथेटिक तेलाचा नुसता पुसता हात दिला. दुसऱ्या रात्रीनंतर ठसा खोल आणि स्वच्छ.

थंडीतली दुसरी सवय. गार पडलेली रायफल उबदार तंबूत आणली की तिच्यावर दव धरतं, परत बाहेर नेली की त्याचं बर्फ होतं, नेमकं चापाच्या आत आणि पिनच्या भोकात. थंडीत ती बाहेरच राहू दे, तंबूच्या कनातीखाली, बॅगेत बंद. आणि नळीच्या तोंडावर टेपचा तुकडा, बर्फ आत जाऊ नये म्हणून, वापरायच्या आधी तो काढून नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं. नळीत बर्फाचा बोळा असताना गोळी झाडली तर नळी फुगते.

१४ ऑक्टोबर

कुठं ठेवायची? नावेत, पाठीवरच्या पिशवीत, की अंगावर?

नाव उलटली की पिशवी जाते, अंगावर जे आहे तेच उरतं. म्हणून शिट्टी, लायटर, चाकू, बीकन हे खिशात आणि दोरीनं बांधलेलं. रायफल अंगावर बाळगण्याजोगी नाही, ती पिशवीतच, पण पिशवी नावेला अशा क्लिपनं की एका ओढीत सुटेल. साध्या बारीक गाठी बाद, पाणी पिऊन त्या आवळतात.

अडचणीत काय हाताशी राहतं याचा विचार अंतराळवीरांसाठीही करावा लागला होता. १९ मार्च १९६५ ला वोस्खोद-२ हे सोवियत यान ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर उरलच्या दाट बर्फाळ जंगलात उतरलं, त्यातले अंतराळवीर लिओनोव्ह आणि बेल्यायेव्ह यांना दोन रात्री तिथं काढाव्या लागल्या. पुढं सोवियत अंतराळवीरांच्या किटमध्ये टीपी-८२ नावाचं तीन नळ्यांचं पिस्तूल आलं, १९८६ पासून, आणि त्याचा सुटा दस्ता म्हणजेच कोयता. मला त्यातली ती कोयत्याची कल्पना पिस्तुलापेक्षा जास्त पटते. थंडीत फांद्या तोडणारं पातं गोळीपेक्षा आधी कामाला येतं.

बंदुकीनं सिग्नल द्यायचा, तीन बार ठरावीक अंतरानं, ही जुनी खूण आहे, पण .२२ चा आवाज झाडीत फार जात नाही. त्यापेक्षा शिट्टी. काडतुसं त्यासाठी मोजू नका.

२२ ऑक्टोबर

ही रायफल प्रत्यक्षात किती पोट भरेल याचा हिशोब केला आणि किटमध्ये बदल केला. जंगली सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. नुसतं असं सुकं मांस खात राहिलं तर पोट भरूनही माणूस खंगतो, जुलाब, डोकेदुखी, भूक भागतच नाही. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. म्हणून काळीज, मेंदू, मज्जा, जिथं चरबी ती आधी. मासा मिळत असेल तर मासा. तेव्हा गळाची दोरी, आकडे आणि फासाची पितळी तार रायफलच्याच पिशवीत घातली. तार काही ग्रॅमची, आणि तुम्ही झोपलेले असताना काम करते, रायफल तसं करत नाही. फास लावणं बऱ्याच ठिकाणी एरवी बेकायदा असतं, खऱ्या संकटापुरतंच.

रबरी हातमोज्यांचे दोन जोड पण घातले. सशापासून ट्युलरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो, सोलताना हातावर जखम असेल तर विशेषतः. मोजे घालून सोलायचं आणि मांस आतपर्यंत शिजवायचं.

३० ऑक्टोबर

वजनं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, पाच-दहा ग्रॅम इकडंतिकडं. रायफल १६००, शंभर काडतुसं ३४०, बाटली ४०, जास्तीच्या मॅगझीन ८०, दोरी-चिंध्या-तेल ३०, व्हीसीआय कागद आणि सिलिका ४०, ड्राय बॅग १२०, नारिंगी कपडा आणि कार्ड ९०, तार-गळ-मोजे ६०. बेरीज २४०० ग्रॅम. मर्यादेत बसलं, वर शंभर ग्रॅम शिल्लक आहेत आणि ते शिल्लकच ठेवणार. त्यात अजून पन्नास काडतुसं बसवता नाही येणार कारण १७० ग्रॅम होतात, आणि शंभरात जे जमलं नाही ते दीडशेत जमेल असं मला वाटत नाही.

दुर्बीण नाही. ती लावली की रायफल दस्त्यात मावत नाही, आणि मग हे सगळं करण्याला अर्थ उरत नाही. पट्टा नाही, त्याऐवजी दोरीचा तुकडा, कारण रुंद पट्टा पाणी धरतो. या दोन्हींबद्दल लोकांचं मत वेगळं असेल, पण मला दस्त्यात मावणं हे नेमापेक्षा मोठं वाटतं.

८ नोव्हेंबर

पावसाळी आठवड्यात शेडमध्ये टांगून ठेवलेली पिशवी आज उघडली. बोल्ट आणि नळी स्वच्छ, काडतुसांच्या बाटलीतलं कापड कोरडं, सिलिकाचा रंग अर्धा बदललेला. म्हणजे दर तीन महिन्यांनी पुडी बदलायची, सहा महिन्यांनी सगळं उघडून पुसायचं, आणि वर्षातून एकदा बाटलीतली सगळी काडतुसं रेंजवर झाडून नवी भरायची. तारखा ड्राय बॅगेवर मार्करनं लिहिल्या.

गंज सापडला तो पिशवी नावेला लावायच्या क्लिपच्या स्प्रिंगवर. स्वस्तातली क्लिप, वरून चकचकीत आणि आतून साधं पोलाद. स्टेनलेसची लावली, मिठाच्या पाण्याच्या वाटीत आठवडाभर ठेवून मगच लावली. नारिंगी टेपही कोपऱ्यांना सुटायला लागलीय, तिच्याखाली आधी स्पिरिटनं पुसून नवी मारायचीय. नळीच्या टोकाच्या साइटवरचा, म्हणजे माशीवरचा, रंग चांगला आहे. सोबत येणाऱ्या दोघांना पुढच्या रविवारी कार्डावरून, मी न बोलता, जोडायला लावणार आहे, ते कुठं अडतात ते बघून कार्डाची चित्रं बदलेन.